झाकणावरचा विस्तव : डच ओव्हनविषयी वाचकांचे प्रश्न

उघड्यावर, निखाऱ्यांच्या आचेवर, बिडाच्या जाड डच ओव्हनमध्ये रात्रीचे जेवण शिजवण्याविषयी या सदरात मागे थोडा उल्लेख झाला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच अडचण दिसते, ती म्हणजे आच भांड्याच्या खाली किती द्यायची आणि वर किती. म्हणून त्या प्रश्नाला सर्वाधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात आतून-बाहेरून इनॅमलचा थर असलेले, सपाट बुडाचे बिडाचे भांडे आहे. त्यालाही डच ओव्हनच म्हणतात. तेच निखाऱ्यांवर ठेवता येईल का?

उत्तर : ठेवू नये. नाव एक असले तरी ही दोन भांडी वेगवेगळ्या कामांसाठी घडवलेली आहेत. निखाऱ्यांची धग एका जागी फार तीव्र असते, तिने इनॅमलला तडे जाऊ शकतात, आणि झाकणाची मूठ प्लॅस्टिकची असेल तर ती टिकणारच नाही. बाहेरच्या स्वयंपाकासाठी असलेल्या भांड्याची ओळख तीन गोष्टींवरून पटते. त्याला खाली तीन आखूड पाय असतात, त्यामुळे बुडाखाली निखारे मावतात आणि त्यांना हवा मिळते. त्याचे झाकण जवळजवळ सपाट असून त्याला भोवती उभी कड असते, त्यामुळे वर रचलेले निखारे घरंगळत नाहीत आणि झाकण उचलताना राख आत सांडत नाही. आणि त्याला तारेची भक्कम कडी असते, जिच्या आधारे भांडे विस्तवावरून उचलता येते किंवा तिकाटण्याला टांगता येते. झाकणाची ही कड म्हणजे या भांड्याचा प्राण आहे, असे मी म्हणेन, कारण तिच्यामुळेच साधे पातेले भट्टी बनते.

नावाविषयीही दोघांनी विचारले आहे. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी यांनी 1707 साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. वाळूच्या साच्याची ही कल्पना डच पितळकामावरून आली आणि त्यावरून भांड्याला हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे हे भांडे वसाहतींबरोबर दूरवर गेले. ऑस्ट्रेलियात त्याला कॅम्प ओव्हन म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत गोल पोटाचे त्याचे भावंड पोइकी म्हणून ओळखले जाते, आणि अमेरिकेतील युटा राज्याने 1997 साली डच ओव्हनला राज्याचे अधिकृत भांडे ठरवले.

प्रश्न : मी तीन वेळा पाव भाजून पाहिला. तिन्ही वेळा बूड करपून कोळसा झाले आणि वरचा भाग पांढरा, ओलसर राहिला. आच कमी केली तर पाव मुळीच भाजला जात नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपण आच कमी-जास्त करत आहात, तिची जागा मात्र बदलत नाही आहात, असे आपल्या पत्रावरून वाटते. या भांड्यात एकूण आच किती यापेक्षा ती कोठे आहे याला अधिक महत्त्व आहे. बुडाखालच्या निखाऱ्यांची उष्णता थेट लोखंडात जाते आणि लोखंडाला टेकलेल्या पिठात शिरते. शिवाय गरम हवा वरच चढत असल्यामुळे त्या निखाऱ्यांचे काम सोपे होते. झाकणावरच्या निखाऱ्यांचे तसे नाही. त्यांची पुष्कळशी उष्णता आकाशाकडे निघून जाते, आणि जी झाकणात मुरते तिला मधली पोकळी ओलांडून, मुख्यतः प्रारणाने, पावाच्या माथ्यापर्यंत पोहोचावे लागते. म्हणून वर आणि खाली सारखेच निखारे ठेवले तरी प्रत्यक्षात खालची बाजू फार पुढे निघून जाते. भाजण्याच्या पदार्थाला झाकणावर दोन वाटे आणि खाली एक वाटा निखारे लागतात, ही गोष्ट एकदा मनात बसली की निम्म्या तक्रारी संपतात.

आता आकडे. दाबून केलेल्या कोळशाच्या सारख्या आकाराच्या वड्या, ज्यांना ब्रिकेट म्हणतात, त्या वापरल्या तर मोजणी सोपी होते. भांड्याचा व्यास इंचांत घ्यावा आणि त्याच्या दुप्पट वड्या पेटवाव्यात. एवढ्यात भांड्याच्या आत साधारण 175 ते 180 अंश सेल्सिअस तापमान मिळते. 12 इंची भांड्याला 24 वड्या लागतील, त्यांतील 16 झाकणावर आणि 8 खाली. दुसरा ठोकताळा असा की व्यासात 3 मिळवून तेवढ्या वर आणि व्यासातून 3 वजा करून तेवढ्या खाली ठेवाव्यात, म्हणजे 12 इंची भांड्याला वर 15 आणि खाली 9. पावासाठी मी पहिला हिशेब धरते, मांस किंवा भाज्या भाजायच्या असतील तर दुसरा. याहून अधिक आच हवी असेल तर वर एक आणि खाली एक अशी जोडी वाढवावी. प्रत्येक जोडीमागे सुमारे 14 अंश वाढतात.

मांडणीकडेही तितकेच लक्ष द्यावे. खालच्या वड्या ढिगासारख्या मधोमध लोटल्या तर पावाच्या मध्यावर काळा गोल उमटतो. त्या बुडाच्या कडेच्या किंचित आत, वर्तुळात, एकमेकींपासून अंतर ठेवून मांडाव्यात आणि मध्य मोकळा ठेवावा, कारण लोखंड तेथपर्यंत उष्णता आपोआप नेते, पण सावकाश. बीड उष्णतेचे वाहक म्हणून ॲल्युमिनिअमच्या तुलनेत बरेच मंद आहे. निखाऱ्याच्या नेमक्या वरचा ठिपका तापतो आणि शेजारची जागा मागे राहते. त्याची थोरवी उष्णता धरून ठेवण्यात आहे, ती पसरवण्यात नव्हे. यासाठीच दर पंधरा मिनिटांनी भांडे पाव फेरा एका दिशेने आणि झाकण पाव फेरा उलट दिशेने फिरवावे, म्हणजे कोणताही ठिपका फार वेळ एकाच वडीच्या तोंडी राहत नाही. झाकणावरच्या वड्या बहुतांशी कडेने लावून उरलेल्या दोन-तीन मुठीजवळ ठेवाव्यात.

पावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी आवर्जून सुचवेन. एकूण वेळेपैकी दोन तृतीयांश वेळ उलटला की खालचे निखारे सरळ काढून घ्यावेत. बूड तोवर भाजलेले असते, लोखंडात साठलेली उष्णता उरलेले काम पुरे करते, आणि काढलेले निखारे झाकणावर चढवले की माथ्याला तांबूस रंग येतो. पाव झाला की नाही हे रंगावरून ठरवू नये. सुई-थर्मामीटर मध्यभागी खुपसून 90 ते 95 अंश दिसले की तो झाला.

प्रश्न : ब्रिकेट नकोत, लाकडाच्याच निखाऱ्यांवर शिजवायचे आहे. मोजणी कशी करावी?

उत्तर : मोजणी करता येत नाही, अंदाज शिकावा लागतो, आणि तो शिकण्यासारखा आहे. पहिला नियम असा की ज्वाळेवर शिजवू नये. ज्वाळा भांड्याच्या एका अंगाला चाटते आणि काजळी धरते. आपल्याला हवा असतो तो लाल, राखाडी पापुद्रा धरलेला निखारा. त्यासाठी कठीण, वाळलेले लाकूड घेऊन पाऊण ते एक तास आधी जाळ करावा. मऊ लाकडाचा निखारा लवकर विझतो आणि राळ असलेल्या लाकडाचा धूर अन्नाला कडवट वास देतो. मुख्य जाळ एका बाजूला जिवंत ठेवावा, त्यातून लांब दांड्याच्या फावड्याने निखारे ओढून काही हात दूर आपली शिजवण्याची जागा तयार करावी, आणि आच उतरली की त्याच साठ्यातून भर घालावी. लाकडाचे निखारे ब्रिकेटपेक्षा लवकर उतरतात. चांगली ब्रिकेट पाऊण ते एक तास टिकते, तर लाकडाचा निखारा त्याच्या निम्म्या वेळातही मंदावू शकतो, म्हणून जाळ कधीही पूर्ण संपू देऊ नये.

लोणारी कोळसाही उत्तम चालतो. तो ब्रिकेटपेक्षा अधिक तापतो आणि लवकर सरतो, आणि तुकडे लहान-मोठे असल्यामुळे संख्येपेक्षा झाकणाचा किती भाग झाकला गेला हे पाहावे लागते. ज्या ब्रिकेटना पेट घेण्यासाठी इंधनद्रव्य लावलेले असते, त्या मात्र मध्येच भर म्हणून न पेटवता टाकू नयेत. तो वास थेट जेवणाला लागतो. दुसरा तास चालणार असेल तर शेजारी धुरकांड्यात, म्हणजे कोळसा पेटवण्याच्या पत्र्याच्या नळकांड्यात, नव्या वड्या अर्ध्या तासाने पेटवायला ठेवाव्यात. वड्यांवर राखाडी साय धरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

प्रश्न : आठ माणसांचे संपूर्ण जेवण प्रथमच बाहेर करणार आहोत. भांडी किती व कोणती घ्यावीत, आणि सुरुवात केव्हा करावी?

उत्तर : आठ जणांना दोन भांडी पुरेत. 12 इंची खोल भांड्यात सुमारे साडेसात लिटर मावते. त्यात मांसाचा किंवा भाज्यांचा दाट स्ट्यू करावा. 10 इंची भांड्यात पाव करावा. पहिल्या वेळी यापेक्षा अधिक काही ठरवू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे, कारण दोन भांड्यांच्या वरच्या-खालच्या निखाऱ्यांकडे एकाच वेळी लक्ष देणे हेच नव्या हाताला भरपूर होते. वजनाचाही विचार करावा. 12 इंची रिकामे भांडे झाकणासह नऊ किलोच्या आसपास भरते आणि स्ट्यू भरल्यावर ते एका हाताने उचलण्यासारखे राहत नाही.

जेवण साडेसातला वाढायचे असेल तर चार वाजता विस्तव पेटवावा. साडेचारला मोठे भांडे फक्त खालच्या निखाऱ्यांवर ठेवावे, आणि ते हळूहळू तापू द्यावे. परतण्यासाठी सगळी आच खालूनच लागते. तेल तापले की मांसाचे तुकडे थोडे थोडे घालून परतावेत, सगळे एकदम घालू नयेत. भांडे भरून टाकले की तुकड्यांना पाणी सुटते, ते उकडतात आणि तांबूस कवच येत नाही. या पायरीला अर्धा तास लागला तरी चालेल. तो वेळ वाया जात नाही, कारण स्ट्यूची चव बहुतांशी येथेच तयार होते. मग कांदे, लसूण, पाणी किंवा मांसाचा अर्क घालून बुडाला चिकटलेले सगळे खरवडून सोडवावे आणि झाकण लावावे.

यापुढे आच बदलायची. खालच्या काही वड्या काढून झाकणावर ठेवाव्यात, म्हणजे आच वर-खाली जवळपास सारखी होते. स्ट्यूमधला द्रव स्वतःच फिरून उष्णता वाटून घेत असल्यामुळे येथे पावासारखा दोनास एक हिशेब लागत नाही. कडक मांसातील चिवट तंतू, ज्यांना कोलॅजन म्हणतात, ते विरघळून मऊ होण्यास दोन-अडीच तास मंद आच लागते, आणि ही क्रिया जोराने उकळून लवकर होत नाही. उलट मांस आखडते. झाकणाला कान लावला तर आतला आवाज ऐकू येतो. मधूनमधून एखादा बुडबुडा फुटत असेल तर सारे ठीक आहे, सतत रटरट ऐकू आली तर खालच्या दोन वड्या काढाव्यात. हा आवाज ओळखता येऊ लागला की वड्या मोजण्याची गरज कमी कमी होत जाते, आणि मला तरी या स्वयंपाकातला सर्वांत मोठा आनंद त्यातच वाटतो.

गाजर, बटाटे यांसारख्या भाज्या शेवटच्या पाऊण तासात घालाव्यात. पावाचे पीठ साडेचारच्या सुमारास मळून ठेवले तर सहा-साडेसहापर्यंत ते फुगते. बाहेर गारठा असेल तर त्याचे पातेले निखाऱ्यांपासून सुरक्षित अंतरावर, उबेत ठेवावे. साडेसहाला पाव भांड्यात जातो, सव्वासातच्या आसपास निघतो आणि दहा मिनिटे निवतो. जागा अपुरी असेल तर पावाचे भांडे स्ट्यूच्या भांड्यावर रचता येते. मग मोठ्या झाकणावरचे निखारे वरच्या भांड्याचे खालचे निखारे होतात. मात्र पहिल्या वेळी मी हे सुचवणार नाही, कारण खालचे भांडे उघडून पाहायचे झाले तर वरचे जळजळीत भांडे आधी उचलावे लागते.

प्रश्न : झाकण उचलताना दर वेळी थोडी राख आत पडतेच. काही उपाय?

उत्तर : झाकण तिरपे करू नये. झाकण उचलण्याची खास सांडशी मिळते, ती मुठीला घट्ट पकडते आणि झाकण डोलू देत नाही. साध्या आकड्याने हे नीट होत नाही. उचलण्यापूर्वी कडेची सैल राख जरा फुंकून काढावी, झाकण सरळ वर घ्यावे, आधी बाजूला न्यावे आणि मग स्वच्छ तिवईवर किंवा दोन दगडांवर ठेवावे. जमिनीवर ठेवले तर त्याच्या आतल्या बाजूला माती लागते आणि तीच पुढे जेवणात जाते. हातमोजे चामड्याचे असावेत. नायलॉनचे मोजे वितळून कातडीला चिकटतात. आणि मुळात झाकण फार वेळा उघडू नये, कारण प्रत्येक वेळी साठलेली वाफ आणि धग निघून जाते.

प्रश्न : उंच डोंगरावरच्या मुक्कामात राजमा चार तास शिजवूनही कच्चा राहिला. भांड्यात दोष आहे का?

उत्तर : भांड्यात दोष नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीपासून 1500 मीटरवर सुमारे 95 अंशांना आणि 3000 मीटरवर सुमारे 90 अंशांना. निखारे कितीही वाढवले तरी उकळते पाणी त्यापलीकडे तापत नाही. डच ओव्हनचे झाकण जड असले तरी ते प्रेशर कुकरसारखे बंद होत नाही, त्यामुळे आत दाब साठत नाही. राजमा रात्रभर भिजवावा, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि पुरेसा वेळ राखून ठेवावा. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते, ते जोरदार उकळीने नष्ट होते, पण उकळीखालच्या मंद आचेवर ते टिकून राहते आणि अर्धकच्चा राजमा खाल्ल्यास तीव्र उलट्या होतात. म्हणून सुरुवातीची तीस मिनिटे खालून भरपूर निखारे देऊन राजमा खळखळून उकळावा आणि मगच आच उतरवावी. फार उंचीवर जाणार असाल तर घरी पूर्ण शिजवलेला किंवा डब्यातला राजमा नेणे अधिक शहाणपणाचे.

वाऱ्याविषयीही येथेच लिहिते. वारा लागला की निखाऱ्यांना अधिक हवा मिळते, ते अधिक तापतात आणि लवकर जळून जातात. शिवाय वाऱ्याकडची बाजू एका गतीने आणि आडोशाची दुसऱ्या गतीने शिजते. पत्र्याचा आडोसा केला तर ही अडचण बरीच कमी होते. थंडीत आणि ओलसर जमिनीवर मात्र याउलट चार-सहा वड्या अधिक लागतात.

प्रश्न : टोमॅटोचा स्ट्यू केला तेव्हा त्याला लोखंडाचा वास आला आणि भांड्याच्या आतला काळा थर जागोजागी निघाला. भांडे वाया गेले का? आणि ते साबणाने धुवावे की नाही?

उत्तर : भांडे मुळीच वाया गेलेले नाही. आतला काळा थर म्हणजे तेलाचाच रूपांतरित पापुद्रा. तेलाचा अगदी पातळ हात देऊन लोखंड तापवले की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक, गुळगुळीत आवरण तयार होते. यालाच सीझनिंग म्हणतात. टोमॅटो, व्हिनेगर, वाइन अशा आंबट पदार्थांत हे आवरण तास-दोन तास शिजले की सुटू लागते आणि उघडे पडलेले लोखंड रसात उतरते. ते अपायकारक असतेच असे नाही, पण चव बिघडते. नव्या भांड्यात असा पदार्थ करू नये. पुष्कळ वापरलेल्या भांड्यातही टोमॅटो शेवटच्या अर्ध्या तासात घालावा आणि उरलेला स्ट्यू लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

आपले भांडे पुन्हा तयार करण्यासाठी ते घासून, धुऊन, पूर्ण कोरडे करावे. मग थोडे तेल सगळीकडे, आत, बाहेर, पायांना आणि झाकणालाही, चोळावे आणि जणू तेल लावायचेच नव्हते अशा रीतीने कोरड्या फडक्याने पुसून काढावे. या पुसण्यातच सारे आहे, कारण तेलाचा थर जाड राहिला तर आवरण कडक न होता चिकट होते. भांडे घरच्या ओव्हनमध्ये पालथे घालून 200 ते 230 अंशांवर एक तास तापवावे, आतच निवू द्यावे, आणि हा क्रम तीन-चार वेळा करावा. गंज चढलेले भांडेही लोखंडी काथ्याने घासून याच रीतीने परत उभे करता येते. जुना थर जाळून टाकण्यासाठी भांडे भडकत्या जाळात टाकण्याचा सल्ला कोठे मिळाला तर तो ऐकू नये; त्याने बीड वाकते किंवा पृष्ठभाग कायमचा बिघडतो.

साबणाविषयीची भीती जुन्या काळातली आहे. पूर्वीच्या साबणात उरलेला तीव्र अल्कली हे आवरण खाऊन टाकत असे. आजच्या भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाचे दोन थेंब काही बिघडवत नाहीत. अधिक हानी होते ती भांडे पाण्यात भिजत ठेवल्याने. बुडाला लागलेले अन्न काढायला कोमट पाणी व लाकडी उलथणे पुरते, नाहीतर जाडे मीठ टाकून फडक्याने घासावे. धुतल्यावर भांडे मंद निखाऱ्यांवर ठेवून कोरडे करावे, तेलाचा पुसट हात द्यावा, आणि ठेवताना भांडे व झाकण यांमध्ये कागदाची घडी घालावी, म्हणजे आत दमट हवा कोंडत नाही.

प्रश्न : जेवणानंतर तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतले आणि मोठा आवाज होऊन बुडाला चीर गेली. ती जोडता येईल का?

उत्तर : नाही, आणि आपल्याला किती वाईट वाटले असेल याची मला कल्पना आहे, कारण माझे पहिले भांडे असेच गेले. बीड कठीण असते पण ठिसूळ असते. गार पाण्याने आतला पृष्ठभाग एकाएकी आकसतो, बाहेरचा भाग तापलेला व प्रसरण पावलेला असतो, आणि हा ताण लोखंडाला सोसत नाही. बिडाचे जोडकाम कुशल कारागीर करू शकतात, पण अन्न शिजवण्याच्या, पुन्हा पुन्हा तापणाऱ्या भांड्यात त्या सांध्यावर मी विश्वास ठेवणार नाही. याच कारणाने थंडीत गारठलेले भांडेही एकदम प्रखर विस्तवावर ठेवू नये, आणि शिजताना पाणी घालायचे झाले तर गरमच घालावे.

प्रश्न : मुक्कामात पाऊस आला तर विस्तव तंबूच्या आत किंवा तंबूच्या पडवीत घेता येईल का? आणि रात्री उरलेल्या निखाऱ्यांचे काय करावे?

उत्तर : कोणत्याही परिस्थितीत नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि निखारे विझत आल्यासारखे दिसत असतानाही तो निघतच राहतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असा समज करून घेणे जीवघेणे ठरते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे थकव्यासारखी वाटतात आणि झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. ऊब मिळावी म्हणून निवत आलेले भांडे निखाऱ्यांसह आत नेल्याने माणसे दगावली आहेत. पावसात झाकणावरचे निखारे वाचवायचे असतील तर चारही बाजूंनी मोकळे, उंच छत शोधावे, नाहीतर त्या रात्री थंड जेवण जेवावे.

विस्तवाची जागा निवडताना त्या भागात आगीवर बंदी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. भोवतीचे तीन मीटरपर्यंतचे वाळलेले गवत व पाचोळा दूर करावा आणि वर झाडाची फांदी नसावी. शक्य असेल तर निखारे पत्र्याच्या तबकावर, जमिनीपासून उंच ठेवावेत, म्हणजे जमीन भाजत नाही आणि वड्यांची आचही जमिनीत जात नाही. चुलीसाठी नदीच्या पात्रातले ओले दगड घेऊ नयेत, कारण आत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

निखारे विझवताना पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे, आणि हाताची मागची बाजू जवळ नेली असता ऊब लागेनाशी होईपर्यंत हे करत राहावे. पाणी बेताने आणि दुरून ओतावे, कारण उसळणारी वाफही भाजते. वाळूत पुरणे हा उपाय नव्हे. पुरलेला निखारा तासन्‌तास धगधगत राहतो आणि सकाळी त्यावर अनवाणी पाय पडतो. पाणी कमी असेल तर निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात भरावेत आणि किमान पूर्ण एक दिवस तो डबा रिकामा करू नये.

प्रश्न : उरलेला स्ट्यू रात्रभर डच ओव्हनमध्येच झाकून ठेवला आणि सकाळी पुन्हा उकळला तर चालतो का? भांडे इतके जाड असते की अन्न पुष्कळ वेळ गरम राहते.

उत्तर : तो पुष्कळ वेळ गरम नव्हे, कोमट राहतो, आणि अडचण तेथेच आहे. 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि हे जड भांडे अन्नाला नेमके त्याच टप्प्यात तासन्‌तास धरून ठेवते. काही जंतू असे विष तयार करतात की ते सकाळच्या उकळीनेही जात नाही. शिजलेले अन्न त्या टप्प्यात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, हवा 32 अंशांपेक्षा गरम असेल तर एक तासापेक्षा अधिक नाही. जेवण आटोपताच उरलेला स्ट्यू उथळ डब्यांत काढून बर्फाच्या पेटीत ठेवावा. पेटी सोबत नसेल तर मोजकेच शिजवावे. दुसऱ्या दिवशी गरम करताना तो सगळीकडून 74 अंशांपर्यंत तापला पाहिजे. यासाठी भांडे मंद निखाऱ्यांवर, आच खालून व थोडी वरून देऊन, मधूनमधून ढवळत ठेवावे, कारण दाट झालेला स्ट्यू कडेने उकळत असताना मध्ये अजून गारच असतो.